चौदा नंबरचे ठिपके

“चौदा नंबर?”

“शून्य.”

“दहाच्या दहा रोपं?”

“दहाच्या दहा. भुरीचा कणही नाही.”

पुठ्ठ्याला अडकवलेल्या कागदावर, हे नवं वाण घडवणाऱ्या डॉक्टरबाईंनी शून्य काढलं. इतकं सावकाश आणि इतकं गोल, की सहा वर्षांची मेहनत त्यात मावावी. शेजारच्या वाफ्यातल्या तेरा नंबरच्या जवाची पानं भुरीनं पिठात बुडवून काढल्यासारखी पांढरी झाली होती. चौदा नंबर मात्र हिरवागार उभा होता.

“आणि हे तपकिरी ठिपके?” डॉक्टरबाईंनी पेनाच्या टोकानं एक पान उचललं.

भिंगबाईनं भिंग उजव्या डोळ्याला लावलं आणि पानावर वाकली. एरवी जेवढा वेळ लागायचा तेवढाच वेळ तिनं घेतला, मनातल्या मनात मोजून. मग सरळ होत म्हणाली, “पानाचे स्वतःचेच आहेत. रोग नाही.”

डॉक्टरबाईंनी तेही लिहून घेतलं.

खरं म्हणजे तिला ठिपक्याची नुसती कड दिसली होती. मधोमध, जिथं नजर लावायची, तिथं एक मळकट डाग होता. तो पानावर नव्हता.

तीस वर्षं ती या बियाणं संशोधन केंद्रात एकच काम करत होती. पानं बघायची आणि किती रोग आहे त्याला शून्य ते नऊ यांतला एक आकडा द्यायचा. खरं नाव फक्त हजेरीपटावर. बाकी सगळ्यांसाठी ती भिंगबाई. तिनं पाच म्हटलं की पाच. एकदा एका पाहुण्या शास्त्रज्ञानं तिच्या पाचाला सहा म्हटलं होतं. मग यंत्रानं पान मोजलं, तर आकडा आला पाच पूर्णांक एक दशांश. त्यावर भिंगबाईनं शांतपणे विचारलं होतं, “तो वरचा एक कुठून आणला?” ही गोष्ट केंद्रात अजून सांगितली जायची.

तिचा डावा डोळा लहानपणापासूनच अधू. जे काही बारीक बघायचं ते उजव्यानं. आणि आता उजव्याच्याच मध्यावर हे आलं होतं. सुरुवातीला वाटलं, भिंगाला काही लागलंय. तिनं भिंग पुसलं, चष्मा पुसला, डोळा धुतला. डाग जागचा हलला नाही. माणसाच्या चेहऱ्याकडे पाहिलं की कान दिसत, केस दिसत, नाक हरवे. तिनं मान थोडी तिरकी करून बघायची सवय लावून घेतली. नवऱ्यानं विचारलं, “मान अवघडली का गं?” तेव्हा ती म्हणाली, “उशी बदलायला हवी.” त्यानं बिचाऱ्यानं दुसऱ्याच दिवशी नवी उशी आणली.

तो लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस. आता निवृत्त होऊन घरी पंखे आणि मिक्सर खोलून बसायचा. त्याला सांगितलं असतं तर तो तिथल्या तिथं तिला दवाखान्यात घेऊन गेला असता. म्हणूनच तिनं सांगितलं नव्हतं. दवाखान्यात जाईपर्यंत ते डोळ्याचं दुखणं नव्हतं, नुसती उशी होती.

तिला भीती कशाची होती ते तिला पक्कं माहीत होतं. ती सात वर्षांची असताना तिची आई शाळेच्या फाटकापाशी तिला न्यायला आली. ही धावत निघाली, आणि तिनं पाहिलं की आईनं समोर आलेल्या एका मुलीचा हात धरला आणि वळून चालायला लागली. त्या मुलीचा फ्रॉकही तसाच निळा होता. ती मुलगी भांबावून दोन-चार पावलं गेली आणि मग भोकाड पसरून रडली. तेव्हा कुठं घरच्यांना कळलं की आईला दोन वर्षं नीट दिसत नव्हतं. तोवर ती पावलांच्या आवाजावर आणि अंदाजावर सगळं निभावत होती.

आज वाफ्यात “पानाचे स्वतःचेच आहेत” हे शब्द तोंडातून गेले, तेव्हा तिला नेमकं तेच आठवलं. फाटकापाशी उभं राहून पाहिलेलं.

दुपारी डॉक्टरबाईंनी नोंदीचा कागद सहीसाठी तिच्यापुढे ठेवला. डॉक्टरबाई तिच्याहून अठरा वर्षांनी लहान. नवीन आल्या तेव्हा त्यांना भुरी आणि धूळ यांतला फरक बोटानं कसा ओळखायचा ते भिंगबाईनंच शिकवलं होतं. त्याची परतफेड म्हणून की काय, डॉक्टरबाई तिला सगळं समजावून सांगत. पालथ्या घातलेल्या बादलीवर बसून चहा पिताना त्यांनी चौदा नंबरचं गुपित सांगितलं होतं.

“भुरीची बुरशी काही दार फोडून आत येत नाही, ताई. पानाच्या पेशीच्या कडेला एक प्रथिन असतं. पेशीला शांत ठेवायचं हे त्याचं काम. उगाच घाबरू नको, उगाच भिंती बांधत बसू नको, असं ते सांगत राहतं. बुरशी त्याचाच फायदा घेते. पेशी निवांत, आणि चोर आत.”

“म्हणजे घरचाच माणूस फितूर.”

“फितूर नाही हो. भोळा.”

चौदा नंबरच्या जवात ते प्रथिन तयारच होत नव्हतं. बीजाणू पानावर पडला रे पडला की पेशी आतून जाड लिंपण घाली आणि बुरशी बाहेरच वाळून जाई. मात्र त्याची एक किंमत होती. या रोपांच्या काही पेशी कारण नसताना, नुसत्या धसक्यानं मराव्यात तशा मरत, आणि पानावर तपकिरी ठिपके पडत. ते निरुपद्रवी होते. त्यांच्या कडा स्वच्छ असत आणि मधला भाग कोरडा.

पण दुसरेही तपकिरी ठिपके असतात. करप्याचे. ती वेगळी बुरशी. तिच्या ठिपक्याभोवती फिकट पिवळं वलय असतं, आणि मध्यावर राखाडी रंगात सुईच्या टोकाएवढे काळे कण. दोन्हींतला खात्रीचा फरक फक्त मध्यावर असतो.

“इथं सही, ताई,” डॉक्टरबाई म्हणाल्या. “बियाणं गोदामात बांधून तयार आहे, गुरुवारी निघेल. पाच शेतकरी वाट बघतायत. या कागदासाठीच थांबलं होतं सगळं.”

भिंगबाईनं सही केली. हाताला सवय होती, डोळ्याचं काम पडलं नाही.

त्या रात्री ती झोपली नाही असं म्हणता येणार नाही. झोपली, पण दर वेळी जाग आली की पहिलं तेच आठवे. पिवळं वलय दिसलं होतं का? काहीतरी पिवळसर होतं खरं. पण ते पानात होतं की तिच्या डोळ्यात, हे तिला ठरवता येईना.

दुसऱ्या दिवशी सगळे जेवायला गेल्यावर ती वाफ्यात गेली. चौदा नंबरची आठ पानं कात्रीनं कापली आणि ओल्या कागदात गुंडाळून पिशवीत टाकली. तीस वर्षांत तिनं केंद्रातून गवताची काडी घरी नेली नव्हती. संध्याकाळी फाटकावरच्या पहारेकऱ्यानं नेहमीसारखं “निघालात, भिंगबाई?” म्हटलं, तर तिनं पिशवी पाठीमागे घेतली.

घरी तिनं प्लास्टिकच्या डब्यात ओला कागद अंथरला, त्यावर पानं मांडली आणि झाकण घट्ट लावलं. ही जुनी रीत होती. दोन दिवस दमट जागेत ठेवलं की पानाच्या स्वतःच्या ठिपक्यांना काहीही होत नाही. करपा असला तर ठिपक्यावर लव उगवते. डबा तिनं स्वयंपाकघरात वरच्या फडताळात पातेल्यांमागे ठेवला. मग संध्याकाळभर तिला वाटत राहिलं, घरात कुणीतरी तिसरं माणूस येऊन बसलंय.

बुधवारी दुपारी केंद्राच्या मागच्या दारी एक छोटा टेम्पो उभा होता. गुरुवारी जायच्या गोण्या आजच भरत होते. प्रत्येक गोणीवर मोठ्या काळ्या अक्षरांत चौदा लिहिलेलं. तो आकडा इतका मोठा होता की तिलाही दिसला.

“आज कसं काय?” तिनं गोदामवाल्याला विचारलं.

“उद्या गाडी दुसरीकडे लागणारेय. म्हटलं, आजच उरकून टाकू. शुभस्य शीघ्रम!”

तिथं उभं राहून ती काही बोलली असती तर गोण्या उतरल्या असत्या. तिनं तोंड उघडलंसुद्धा. पण काय सांगणार होती? मला दिसत नाही, असं? गोदामवाल्याला? मग तो म्हणेल, केव्हापासून? मग सगळे म्हणतील, केव्हापासून? टेम्पोचं मागचं फळकूट लागलं, कड्या पडल्या, आणि ती तिथंच उभी राहिली, हातात पाणी घालायची रिकामी झारी घेऊन.

गुरुवारी सकाळी नवरा अंघोळीला गेला तेव्हा तिनं डबा काढला आणि खिडकीपाशी नेऊन उघडला. ओलसर वास आला. तिनं भिंग लावलं. मान डावीकडे केली, उजवीकडे केली, पान वर धरलं, उजेडाकडे धरलं. ठिपक्यांच्या कडा दिसत होत्या. मध्ये डाग. बोट फिरवावं तर लव असली तर मोडेल. सगळ्या जगात उत्तर तेवढ्याच जागी होतं, आणि तेवढीच जागा तिला दिसत नव्हती.

ती खुर्चीवर बसली आणि नवरा बाहेर येईपर्यंत तशीच बसून राहिली.

“अहो,” ती म्हणाली, “जरा इकडे या. हे बघून सांगा मला.”

त्यानं डोकं पुसता पुसता डब्यात पाहिलं. “पानं आहेत.”

“ठिपक्यावर काय आहे?”

“मला काय कळतंय त्यातलं? मी लिफ्टवाला माणूस. वर आणि खाली, एवढंच माझं शिक्षण.” तो हसला. मग त्याचं तिच्या चेहऱ्याकडे लक्ष गेलं. “तू का नाही बघत?”

तिनं भिंग त्याच्यापुढे धरलं.

“अगं, तू का नाही बघत?”

“मला दिसत नाही.”

“चष्मा बदलायचा…”

“चष्म्याचं नाही. मधलं दिसत नाही. तुमचं नाक दिसत नाहीये मला आत्ता.” आणि एकदम म्हणाली, “आईसारखं झालंय मला.”

त्यानं टॉवेल खांद्यावर टाकला. मग तिच्याशेजारी खुर्ची ओढून बसला, भिंग तिच्या हातातून घेतलं आणि डबा पुढे ओढला.

“सांग कसं धरायचं हे.”

“डोळ्याच्या अगदी जवळ. पान वर आणा, भिंग खाली नेऊ नका. ठिपक्याचा मध्य. काय दिसतंय?”

“थांब… हां. केस. बारीक राखाडी केस उभे राहिलेत, दाढीचे खुंट असतात तसे. आणि काळं काहीतरी शिंपडल्यासारखं.”

“किती ठिपक्यांवर?”

त्यानं एकेक पान उचललं. कधी लिफ्टच्या तारा मोजल्या नसतील इतकं जपून मोजलं. “सगळ्यांवर नाही. या पानावर नाही. याच्यावर आहे. आठांपैकी पाच पानांवर आहे.”

पाच. तिनं डोळे मिटले. मिटल्यावर सगळं सारखंच अंधारं होतं, त्यात डाग नव्हता.

“आज केंद्रात जाऊ नकोस,” तो म्हणाला. “आधी दवाखाना.”

“आधी केंद्र,” ती म्हणाली. “काल गोण्या गेल्या. मी बघत उभी होते.”

तो तिला बसनं फाटकापर्यंत सोडायला आला. रस्ता ओलांडताना त्यानं तिचा दंड धरला. लग्नानंतर भर रस्त्यात असं त्यानं कधी केलं नव्हतं. तिला त्या धरण्याचीही भीती वाटली, कारण आता ते असंच राहणार होतं.

डॉक्टरबाई टेबलापाशी उभ्या होत्या. भिंगबाईनं डबा पुढे ठेवला. घरून निघताना तिनं पाचसहा वाक्यं जुळवली होती. त्यांतलं एकही आठवलं नाही.

“चौदा नंबरला करपा आहे,” ती म्हणाली. “मी चुकीचं सांगितलं. मला दिसत नव्हतं आणि मी दिसल्यासारखं सांगितलं.”

डॉक्टरबाईंनी एक पान उचललं, ठिपक्यावर चिकटपट्टी दाबली, काचेवर लावली आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. भिंगबाई उभी होती. भिंतीवरचं घड्याळ ऐकू येत होतं. एक माणूस बारीक बघत असताना दुसऱ्यानं नुसतं थांबायचं, म्हणजे किती लांब वेळ असतो, हे तिला पहिल्यांदाच कळलं. तीस वर्षं बाकीचे तिच्यासाठी असे थांबले होते.

“करपाच,” डॉक्टरबाई म्हणाल्या. त्यांचा चेहरा पांढरा पडलेला भिंगबाईला दिसला नाही, पण आवाज ऐकला. “ताई, बियाणं गेलंय.”

“माहीत आहे.”

“तुम्हाला कल्पना येते का? नुसता एवढ्या वाफ्यातला करपा नाही हा. आपण जे प्रथिन काढलं ना…” त्या मधेच थांबल्या, जणू स्वतःलाच सांगत होत्या. “भुरीला जिवंत पेशी लागते. करप्याला मेलेली चालते. आपली रोपं स्वतःच्याच पेशी मारून ठेवतायत. भुरीला दार बंद केलं आणि याला पानात वाढून ठेवलं. वर बाजूचा तेरा नंबर बघा, त्याच्यात प्रथिन आहे, भुरीनं माखलाय, पण करप्याचा एक ठिपका नाही. हे मला दिसायला हवं होतं. मी तरी वाकून बघायला हवं होतं. तुम्ही म्हणालात, आणि मी लिहिलं.”

“माझंच चुकलं.”

“ते नंतर.” त्यांनी फोन उचलला.

पुढचे दोन तास दोघींच्या पोटात पाण्याचा थेंब गेला नाही. डॉक्टरबाई फोन लावत आणि भिंगबाई समोर बसून प्रत्येक नावापुढची घंटी ऐके. पहिल्यानं गोणी अजून उघडली नव्हती. दुसऱ्यानं शिव्या घातल्या, पण परत देतो म्हणाला. तिसरा आणि चौथा सख्खे भाऊ निघाले; त्यांच्या गोण्या अजून अंगणातच पडून होत्या. पाचवा फोन उचलेना. अकरा वेळा लावल्यावर त्याच्या बायकोनं उचलला.

“पेरलं की,” ती आनंदानं म्हणाली. “आज उजाडताच. ओल चांगली होती. तुमचं बियाणं म्हणून सगळ्यात चांगला तुकडा दिला त्याला.”

डॉक्टरबाईंनी डोळ्यांवर हात ठेवला. मग बाईला सगळं समजावून सांगितलं, उगवून यायच्या आत पुन्हा नांगर घालायला लागेल, दुसरं बियाणं केंद्र देईल, मजुरीही केंद्र देईल. नंतर ती बाई म्हणाली, “अहो, पण तुमच्याकडे तपासतात ना सगळं?”

भिंगबाईनं ते ऐकलं. फोनवरचं असलं तरी स्पष्ट ऐकू आलं.

शुक्रवारी नवऱ्यानं तिला दवाखान्यात नेलं. डोळ्याच्या डॉक्टरनं डोळ्यात थेंब घातले, फोटो काढले आणि सांगितलं की डोळ्यात इंजेक्शनं घेतली तर डाग पसरायचा थांबेल बहुधा. गेलेलं येणार नाही. आईच्या वेळी हे नव्हतं, असंही तो म्हणाला. हे ऐकून तिला हायसं वाटायला हवं होतं. ती विचार करत होती त्या बाईच्या सगळ्यात चांगल्या तुकड्याचा.

सोमवारी ती कामावर गेली तेव्हा डॉक्टरबाईंच्या टेबलावर तिच्या नोंदवह्यांचा ढीग होता. तीस वर्षांच्या तीस वह्या. त्यांतल्या आकड्यांवरून कितीतरी वाणं निघाली होती, कितीतरी बाद झाली होती.

“ताई, वर कळवावं लागलं मला,” डॉक्टरबाई म्हणाल्या. त्या तिच्याकडे बघत नव्हत्या. “ते म्हणतायत, सगळ्याच नोंदी शंकास्पद धराव्यात का. मी म्हटलं, नाही. पण ते विचारतायत, कुठपासून. ते मी कसं सांगू?”

आठवडाभर ज्या प्रश्नापासून ती पळत होती, तो शेवटी असा टेबलावर येऊन बसला होता. तीस वर्षं. सांगितलेली तारीख एक बोट घसरली तर सगळी जातील.

“दोन महिने लिहू का?” डॉक्टरबाई हळूच म्हणाल्या. “दोन महिने म्हटलं तरी चालेल त्यांना. गेल्या थंडीतली ती मोठी चाचणी तरी वाचेल. तिच्यात तुमचं नाव आहे, ताई. छापून आलंय.”

भिंगबाईनं शेवटची वही ओढली. पानं डोळ्यांपासून दूर धरली, मान तिरकी केली आणि स्वतःचे आकडे तारखेनं मागे मागे वाचत गेली. अमुक दिवशी भिंग पुसलं होतं. अमुक दिवशी डोळा धुतला होता. त्याच्याही आधी एक दिवस होता, धुक्याचा, जेव्हा तिनं एका पानाला तीन म्हटलं आणि मनात म्हटलं, चार असेल, पण तीनच लिहू. त्या दिवशी तिला पहिल्यांदा खात्री नव्हती.

“सात महिने,” ती म्हणाली.

“ताई, मोठी चाचणी त्यात जाते.”

“जाऊ दे.”

तिनं पट्टी मागितली. डॉक्टरबाईंनी ती पानावर आडवी धरली, आणि भिंगबाईनं धुक्याच्या दिवसाच्या वर लाल पेनानं रेघ ओढली. रेघेखाली तारीख टाकली, सही केली. सहीच्या पुढे लिहिलं: ‘इथून खालचे आकडे धरू नयेत.’ अक्षर थोडं मोठं आलं.

मग तिनं रेघेच्या वरच्या भागावर तळहात ठेवला.

“हे वरचं खरं आहे,” ती म्हणाली. “मला एकेक पान आठवतंय. याला कुणाला हात लावू देऊ नका.”

“नाही लावू देणार.”

डॉक्टरबाई उठल्या. त्यांनी एकोणतीस वह्या एकेक करून कपाटात ठेवल्या, वर्षाच्या क्रमानं, पाठी एका ओळीत. तिसावी तिच्याकडेच राहिली होती. भिंगबाई शाई वाळायची वाट बघत, ती उघडी धरून बसली.